बत्तीस बोअरचं पिस्तूल की रिव्हॉल्वर? आधी सेफ्टीचं बघू

कोल्हापूरच्या शाहूपुरीत गुळाची अडत असलेल्या माझ्या मावसभावाला नुकताच शस्त्र परवाना मिळाला. हंगामात रोख रक्कम घेऊन अंधार पडल्यावर घरी यावं लागतं, म्हणून त्यानं अर्ज केला होता. परवाना हातात पडल्यावर त्याचा पहिला प्रश्न : "दादा, स्वस्तातलं काय ते सांग, पण सेफ्टी पाहिजे. घरात पोरं आहेत." सेफ्टी म्हणजे चाप अडवून धरणारी कळ. त्याला जे सांगितलं तेच इथं जरा सविस्तर लिहितो. आमच्या घरात वडिलांच्या काळापासून परवान्याचं हत्यार आहे. आधी पिस्तूल होतं, आता रिव्हॉल्वर आहे, त्यामुळे दोन्ही बाजू वापरून झाल्या आहेत.

निवडीला वाव फारसा नाही, हे आधी लक्षात घ्या. बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप. ९ मिलिमीटर हा आपल्याकडे प्रतिबंधित बोअर आहे. सिनेमात आणि मोबाईलवर दिसणारी बहुतेक पिस्तुलं त्यामुळे बादच होतात. साध्या परवान्यावर हाती येतं ते मुख्यतः .३२ आणि .२२ (हे माप इंचातलं). स्वसंरक्षणासाठी परदेशी हत्यार आयात करणं १९८०च्या दशकाच्या मध्यापासून बंदच आहे. जुनी जर्मन किंवा इटालियन पिस्तुलं एका परवानाधारकाकडून दुसऱ्याकडे जातात, पण त्यांच्या किमती आवाक्याबाहेर गेलेल्या असतात आणि मोडलं तर सुटा भाग मिळत नाही. स्वस्त हवं असेल तर त्या वाटेला जाऊच नका.

उरतात ती मुख्यतः सरकारी कारखान्यांची हत्यारं. त्यातही खरा सामना दोघांतच आहे : कानपूरचं .३२ रिव्हॉल्वर आणि बंगालमधल्या ईशापूरचं .३२ पिस्तूल, ज्याला 'अशनी' म्हणतात.

अशनी चपटं आहे. कमरेला लावलं तर शर्टाखाली दिसत नाही, मॅगझिनमध्ये, म्हणजे मुठीत बसणाऱ्या पेटीत, गोळ्या जास्त बसतात, आणि अंगठ्यानं वरखाली करायची सेफ्टी आहे. मावसभावाची सगळी यादी इथंच पूर्ण होते. तरीही मी त्याला थांबवलं, त्याला कारण आहे.

वडील एकदा निपाणीहून रात्री उशिरा परतले. पिस्तुलाचं मॅगझिन काढलं, सेफ्टी लावली आणि दोन्ही वस्तू कपाटात वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवल्या. दुसऱ्या दिवशी पुसायला घेतलं, स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागं ओढली, आणि चेंबरमधून, म्हणजे नळीच्या मागच्या घरातून, एक काडतूस उडून गादीवर पडलं. मॅगझिन काढलं की पिस्तूल रिकामं झालं, असं रात्रभर घरातल्या प्रत्येकाला वाटत होतं. मी तेव्हा कॉलेजात होतो. ते पितळी काडतूस चादरीवर पडलेलं मला आजही जसंच्या तसं दिसतं.

पिस्तुलाची घडणच अशी आहे. गोळी एकदा चेंबरमध्ये चढली की मॅगझिन काढून ती बाहेर येत नाही. आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाइड ओढायची, मग चेंबरमध्ये डोळ्यांनी बघायचं, आणि अंधारात असाल तर करंगळी घालून चाचपायचं. हा क्रम उलटा झाला, म्हणजे आधी स्लाइड ओढून मग मॅगझिन काढलं, तर एक गोळी बाहेर पडते आणि दुसरी आत चढते. सेफ्टी चाप अडवते, पण आत गोळी आहे की नाही ते सांगत नाही. शिवाय ती यंत्राचा एक तुकडाच आहे. झिजते, तेल-मळानं अर्धवट बसते, खिशात घासून नकळत खालीही येते.

रिव्हॉल्वरचं तसं नाही. कानपूरचं जुनं .३२ मॉडेल वेब्ली या ब्रिटिश कंपनीच्या रिव्हॉल्वरच्या धाटणीचं आहे. वरची कडी दाबून नळी खाली मोडली की सिलिंडरमधली, म्हणजे गोळ्यांच्या फिरत्या नळकांड्यातली, सहाच्या सहा घरं समोर येतात, आणि काडतुसं एकदमच वर उचलली जातात. भरलेलं आहे की रिकामं, हे शेजारी उभ्या माणसालाही कळतं. रिव्हॉल्वरला सहसा वेगळी सेफ्टी नसते. चाप लांब आणि जड असतो, तोच अडसर मानला जातो. पण या कानपूरच्या मॉडेलला हातानं लावायची सेफ्टीही दिलेली आहे. म्हणजे मावसभावाची अट इथंही पूर्ण होते, वर डोळ्यांना खात्री मिळते ती वेगळीच. उणीव म्हणाल तर सिलिंडरचा फुगवटा कमरेला टोचतो आणि तो जड चाप ओढताना सवय नसलेल्याचा नेम खाली जातो.

रिव्हॉल्वरच्या याच घराण्यातली आणखी तीन नावं दुकानात ऐकू येतील. 'निर्भीक' २०१४च्या जानेवारीत आलं. ते .३२चं, टायटॅनियमच्या मिश्रधातूचं आणि फक्त ५०० ग्रॅमचं आहे. महिलांसाठी म्हणून त्याची जाहिरात झाली आणि तेव्हाची किंमत होती १,२२,३६० रुपये. हलकं हत्यार झटका जास्त देतं, हे त्या जाहिरातीत कुणी सांगितलं नाही. ऑगस्ट २०२३मध्ये 'प्रबळ' आलं. त्याचं सिलिंडर बाजूला उघडतं, त्यामुळे भरणं-रिकामं करणं आणखी सोपं. हत्यार म्हणून मला ते आवडलं, पण ते स्वस्तात बसणारं नाही. 'निडर' मात्र स्वस्तातलं : .२२चं आणि जेमतेम २५० ग्रॅमचं. गोळीही स्वस्त पडते. तळहाताएवढ्या वस्तूवर पकड बसवणं मात्र मोठ्या हाताच्या माणसाला जमत नाही. मावसभावाचे हात गुळाच्या रव्यांवर पोसलेले, त्याचा तो विषयच नव्हता.

दुकानात गेलात तर मालकाच्या परवानगीनं रिकामं हत्यार हातात घ्या आणि पकड न सोडता अंगठा सेफ्टीपर्यंत पोचतो का ते बघा. डावखुऱ्यांनी हे नक्की तपासावं. काडतुसं घेताना बोअर नुसता '.३२' म्हणून सांगू नका. रिव्हॉल्वरचं काडतूस लांब, ७.६५ × २३ मिलिमीटरचं, तर पिस्तुलाचं आखूड, ७.६५ × १७चं. एकाचं दुसऱ्यात घालायचं नसतं.

मावसभावाला मी दुधाळीच्या शूटिंग रेंजवर घेऊन गेलो, तिथल्या पोरांना बघायला. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवलं, तेव्हापासून तर आपल्याकडे घराघरात हा खेळ माहीत आहे. तिथली पोरं नेम धरत नसतात तेव्हा चेंबरमधून एक रंगीत दोरी बाहेर काढून ठेवतात. तिला सेफ्टी फ्लॅग म्हणतात. आंतरराष्ट्रीय नियमच तसा आहे. दोरी दिसली म्हणजे आत गोळी नाही. तेरा-चौदा वर्षांच्या पोरी हे न चुकता करताना बघून मावसभाऊ बराच वेळ गप्प होता.

सराव महिन्यातून एकदा तरी करणार असाल, दर वेळी चेंबर बघायची सवय अंगात मुरवणार असाल, तर अशनी घ्या. वर्षातून एकदा पुसायला बाहेर काढणार असाल तर कानपूरचं रिव्हॉल्वरच घ्या. आपल्यापैकी बहुतेकजण दुसऱ्या प्रकारातले आहेत. आणि नुसती नेमबाजीची हौस असेल तर हत्यार कशाला? .१७७ची, २० ज्यूलच्या आतल्या ताकदीची एअर पिस्तूल परवान्याशिवाय मिळते.

कोल्हापूरकरांसाठी दोन गोष्टी. आपला पाऊस चार महिने भिंतीत मुरतो. चामड्याच्या कव्हरात घालून कपाटात ठेवलेलं हत्यार श्रावण संपेपर्यंत गंजतं. कव्हर फक्त अंगावर बाळगताना, एरवी तेलाचा हलका हात फिरवून कोरड्या कापडात. दुसरं, परवान्यावर क्षेत्र लिहिलेलं असतं. ते महाराष्ट्रापुरतंच असेल तर कागलच्या पुढं कोगनोळीचा नाका ओलांडताना हत्यार घरी असलं पाहिजे. निपाणीचा बाजार आपल्याला परका वाटत नाही, पण कायद्यानं ते दुसरं राज्य आहे.

मावसभावानं अजून हत्यार घेतलेलं नाही. गेल्या शनिवारी त्यानं उद्यमनगरातून जाड पत्र्याची छोटी तिजोरी करून आणली आणि भिंतीत बसवून घेतली. काडतुसांसाठी वेगळा कप्पा आणि वेगळी किल्ली. ती किल्ली कुठं ठेवायची यावर सध्या वहिनींशी त्याची चर्चा चालू आहे.