जुने फ्लॅश गेम: रफल की फ्लॅशपॉइंट?

३१ डिसेंबर २०२० ला अडोबीने फ्लॅश प्लेअरचा (ब्राउझरमध्ये गेम आणि कार्टून चालवणाऱ्या प्लगइनचा, म्हणजे जोड-सॉफ्टवेअरचा) सपोर्ट थांबवला आणि १२ जानेवारी २०२१ पासून प्लेअरच फाइल चालवायला नकार देऊ लागला. तुमच्याकडे एसडब्ल्यूएफ फाइल (फ्लॅशच्या गेमची किंवा अॅनिमेशनची फाइल) पडून असेल, तर आता मुख्य वाटा दोन.

रफल हा रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेला इम्युलेटर, म्हणजे फ्लॅश प्लेअरची नक्कल करणारा प्रोग्रॅम. वेबअसेम्ब्ली या ब्राउझरमध्ये प्रोग्रॅम चालवायच्या तंत्रामुळे तो थेट ब्राउझरमध्ये चालतो; एक्स्टेन्शन टाकलं की झालं. मेख आहे ती अॅक्शनस्क्रिप्टमध्ये, म्हणजे फ्लॅश गेम ज्या भाषेत लिहिले जात तिच्यात. २००६ च्या आधीचे गेम आणि कार्टून बहुतेक वेळा सुरळीत चालतात. त्यानंतर आलेल्या अॅक्शनस्क्रिप्ट ३ मधले काही गेम मात्र लोडिंगच्या पट्टीवरच अडकून बसतात.

फ्लॅशपॉइंट हा जुन्या वेब गेमचा जपून ठेवलेला संग्रह, त्याचा खाक्याच वेगळा. तो आपल्या लाँचरमधून खरे जुने प्लगइन चालवतो. पुष्कळ गेम आपण आपल्याच साइटवर आहोत ना, हे तपासून मगच सुरू होतात. फ्लॅशपॉइंट तुमच्याच मशीनवर प्रॉक्सी (मधला दलाल प्रोग्रॅम) उभा करून त्या बंद पडलेल्या साइटच्या नावाने उत्तरं देतो आणि गेम बिचारा फसतो! शॉकवेव्ह आणि जावा अॅपलेट या इतर जुन्या वेब तंत्रांतले गेमही चालतात. रफलचा तो प्रांतच नाही. घ्यायची तर इन्फिनिटी आवृत्ती, ती हवा तोच गेम उतरवते. अल्टिमेटला टेराबाइटमध्ये जागा लागते, ती हौस संग्राहकांनीच करावी.

मी आधी रफलमध्येच फाइल टाकून बघेन. अडकली तरच फ्लॅशपॉइंटच्या यादीत नाव शोधेन. स्वतःच्या साइटवर जुनं अॅनिमेशन दाखवायचं असेल, तर मात्र फ्लॅशपॉइंट कामाचा नाही.