मशिन्स झकास, चेंजिंग रूमची मात्र बोंब

आठ महिने झाले जॉइन होऊन म्हणून आता लिहितोय, पहिल्या आठवड्यात काय, कुठलीही जिम भारीच वाटते. परळला गिरणीच्या जागेवर टॉवर झालाय त्यातली ही जिम. नाव लिहीत नाही, आमचा ट्रेनर पोरगा चांगला आहे, उगाच त्याच्यावर शेकायला नको.

मशिन्स नवीन, एसी जोरात, डंबेल्स जागच्या जागी, ट्रेनर लोक फोनमध्ये तोंड घालून बसत नाहीत. त्याबद्दल काय बोलायचंच नाही, पाच पैकी पाच. पण मी इथून थेट ऑफिसला जातो, त्यामुळे आंघोळ तिथेच, आणि मुंबईत मे महिन्यात घामट अंगाने लोकलमध्ये चढायचं म्हणजे बाजूच्या माणसावर अन्याय, तर चेंजिंग रूम वापरल्याशिवाय गत्यंतर नाही.

आत वीसेक लॉकर, मधे एक लांब बाकडं, तीन शॉवर. शॉवरला काचेचे दरवाजे, त्यावर ती दुधी फिल्म, आणि ती फिल्म बरोब्बर कमरेच्या उंचीला सोलली गेलीय. बरोब्बर. खाली शाबूत, वर शाबूत. शिवाय आत कपडे अडकवायला एक खिळा नाही, सगळे हुक बाहेर भिंतीवर, म्हणजे टॉवेल गुंडाळून बाहेर यायचं आणि सगळ्यांच्या देखत कपडे घालायचे.

आता मला त्याचं काय नाही हो. मी लालबागच्या चाळीत वाढलोय, दहा बाय बाराची खोली, माणसं सात. पंचाचं एक टोक दातात धरून खालच्या खाली चड्डी बदलायची कला आम्हाला पाढ्यांच्या आधी यायची. पण तिथे एक होतं, काकीला साडी बदलायची असली की ती नुसतं कपाट उघडायची आणि आम्ही पोरंटोरं, अण्णासुद्धा, पेपर घेऊन गपचूप गॅलरीत. कोणी सांगायला लागायचं नाही. इथे तीन-तीन हजार महिना भरणारी माणसं, आणि समोरचा कपडे बदलतोय तर नजर फिरवावी एवढं कोणाला सुचत नाही, उलट "काय काका, पोट कमी झालं वाटतं" म्हणून चौकशी.

कहर झाला गेल्या महिन्यात. मी टॉवेलवर, केस पुसतोय, बाजूला एक पंचविशीचा पोरगा व्हिडिओ कॉलवर, बायसेप दाखवतोय कोणालातरी. मागे आरसा. माझं लक्ष गेलं तर स्क्रीनवर नाकात नथ घातलेली एक आजीबाई, कपाळावर आठ्या घालून, आणि छोट्या चौकोनात तो पोरगा आणि त्याच्या खांद्यामागे अस्मादिक, एका हाताने टॉवेल धरलेले. म्हटलं, "अरे बाबा, फोन खाली घे." तर म्हणे, "काका, टेन्शन नका घेऊ, गावची आज्जी आहे, तिला लांबचं दिसत नाही." आजी तेवढ्यात तिकडून, "कोण रे ते मागं?"

मॅनेजरकडे गेलो. त्याने भिंतीवरचा बोर्ड दाखवला, मोबाईल वापरायला मनाई, इंग्रजीत, फ्रेम करून. बोर्डाच्या खालीच चार्जिंगचं सॉकेट आहे आणि त्यात कायम दोन फोन लटकलेले असतात, हे त्याला मी दाखवलं. मग जरा कायदा काढला. आयटी कायद्याचं कलम ६६ई आहे, संमतीशिवाय कोणाच्याही खासगी भागाचा फोटो मुद्दाम काढला किंवा पाठवला तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि त्यात नुसत्या चड्डीवरचा फोटोही मोजला जातो, पुरुषाचा असो की बाईचा. आजीला फोन करणाऱ्याला जेलात टाका असं मी म्हणत नाहीये, त्याच्या मनात काही नव्हतं. पण उद्या कोणी मुद्दाम केलं तर तुमचा बोर्ड काय कामाचा, एवढंच विचारलं. "सर, मैं ऊपर बात करता हूँ."

लेडीज साइडचं बायकोकडून ऐकलेलं लिहितो, ती संध्याकाळच्या बॅचला असते. तिथे पडद्याचा एकच आडोसा, पडद्याच्या चार कड्या तुटलेल्या, म्हणून बायका एकमेकींना पडदा धरतात. एकदा एसीवाला मेकॅनिक बाहेरून "कोई है क्या" ओरडला आणि उत्तराची वाट न बघता आत. त्याने मान खाली घातली, लगेच बाहेर गेला, पण बरोबर एक लेडीज स्टाफ पाठवायला काय जातं? बायकांच्या बाबतीत तर चोरून बघणं हासुद्धा गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेत कलम ७७, पहिल्यांदा सिद्ध झालं तरी कमीत कमी एक वर्ष.

एक गोष्ट मात्र त्यांच्या बाजूने लिहितो. पॅसेजमधे सीसीटीव्ही आहे, आणि जेंट्सच्या दरवाज्याचा क्लोजर मेलेला, दरवाजा सताड उघडा. रिसेप्शनच्या स्क्रीनवर सहज बघितलं तर आमचं बाकडं अर्धं दिसतंय, त्यावर कोणाचेतरी केसाळ पाय. सांगितल्यावर त्याच दिवशी शिडी आणून कॅमेरा फिरवला, दोन दिवसांत क्लोजरपण बसला. फिल्म अजून तशीच.

आणि मेंबर लोकांना पण एक सांगायचंय, हेअर ड्रायर केसांसाठी असतो. डोक्यावरच्या. जास्त लिहीत नाही. ओला टॉवेल बाकड्यावर टाकणारे पण आहेत, त्यात मी पण होतो, एका आजोबांनी तो दोन बोटांनी उचलून माझ्या हातात दिला तेव्हापासून बंद.

जिमला पाच, चेंजिंग रूमला दीड, तो दीडसुद्धा कॅमेऱ्यासाठी. जॉइन करायचा विचार असेल तर ट्रायलला दुपारी तीनला बोलावतील, जाऊ नका, तेव्हा आत कोणीच नसतं आणि फरशी पण कोरडी असते. संध्याकाळी साडेसातला जा, आणि जाताना घरून पंचा घेऊन जा, त्यांचे टॉवेल आखूड आहेत.