केईएफ एलएस ५० मेटा : मुंबईच्या फ्लॅटमध्ये कुठल्या खोलीत ठेवायचे आणि खाली काय हवं

केईएफ कंपनीचे एलएस ५० मेटा हे स्पीकर घ्यावेत का असं मला बरेच जण विचारतात, आणि माझं उत्तर हो असंच आहे, पण त्याच्या आधी मी उलट विचारतो की ठेवणार कुठे, बेडरूममध्ये की हॉलमध्ये, आणि खाली लादी आहे की लाकूड? कारण हेच स्पीकर मी आमच्या बेडरूममध्ये ऐकलेत, हॉलमध्ये ऐकलेत आणि गिरगावात मामाकडे जुन्या लाकडी जमिनीच्या बिल्डिंगमध्येही ऐकलेत, आणि तिन्ही ठिकाणी ते वेगवेगळ्या कंपनीचे वाटावेत इतका फरक पडतो.

आधी वस्तूबद्दल थोडक्यात. पहिला एलएस ५० आला २०१२ ला, हा मेटा २०२० चा. सव्वापाच इंची वूफर (खालचे, जाड सूर काढणारा) आणि त्याच्या बरोब्बर मधोमध ट्वीटर (वरचे, बारीक सूर काढणारा), त्यामुळे सगळा आवाज एकाच जागेवरून येतो. वंशावळ बघितली तर बीबीसीच्या एलएस ३/५ए पर्यंत जाते, तो छोटा मॉनिटर, म्हणजे तपासून ऐकायचा स्पीकर, ब्रॉडकास्टच्या गाडीत बसून ऐकायला बनवलेला आणि त्यातले ड्रायव्हर, म्हणजे वूफर-ट्वीटर, केईएफचेच होते. म्हणजे लहान जागा हे याच्या रक्तातच आहे. पण लहान जागा म्हणजे कुठलीही लहान जागा नाही, आणि खरा घोळ इथेच होतो.

आपल्याकडची बेडरूम म्हणजे १० बाय १०, आणि उंची पण साडेनऊ-दहा फूट. स्पीकरसाठी याच्याइतका वाईट आकार नाही. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरा, १० फूट म्हणजे तीन मीटरच्या किंचित वर, तर भिंतीभिंतीत अर्धी लाट अडकते ती ५६ हर्ट्झच्या (सेकंदाला ५६ कंपनांच्या) आसपास. लांबी, रुंदी, उंची तिन्ही सारखीच म्हणून तिन्ही दिशांना तोच सूर फुगतो, वर तिरक्या दिशेचा अजून एक येतो ८० च्या जवळ, आणि या स्पीकरचा बास, म्हणजे खालचे जाड सूर, नेमका तिथूनच भरायला लागतो (कंपनी ७९ हर्ट्झ लिहिते). मग होतं काय की डग्ग्यावर हात घासून जी मींड काढतात ना, ती वरून खाली सरकताना एका जागी एकदम ढुम्म करून मोठी होते आणि पुढे गायबच होते. बेड भिंतीला लागून असतो म्हणजे डोकं भिंतीपाशी, आणि बास सगळ्यात जास्त साचतो तो भिंतीपाशीच. त्यात लोखंडी कपाट असेल तर त्याचा दरवाजा ठराविक सुरावर किणकिणतो, माझ्याकडे दाराच्या कडेला फेल्टच्या पट्ट्या लावल्या तेव्हा कुठे थांबलं.

हॉल घ्या. आमचा १० बाय १७ आहे, मुंबईत बऱ्याच टू बीएचकेत असाच लांबट असतो. १७ फुटांचा अडकणारा सूर ३३ हर्ट्झला जातो, रुंदीचा आणि उंचीचा ५६ लाच राहतो, म्हणजे सगळे फुगवटे एकावर एक न चढता विखुरतात. स्पीकर १० फुटी भिंतीच्या बाजूला ठेवायचे आणि आवाज लांबीच्या दिशेने सोडायचा, टीव्ही लांब भिंतीवर आहे म्हणून स्पीकर पण तिथेच असं करू नका, त्यात तुम्ही समोरच्या भिंतीला चिकटून बसता. मागे पोर्ट, म्हणजे बासची हवा बाहेर पडायचं भोक, आहे त्यामुळे मागे निदान दीड-दोन फूट तरी सोडाच, आणि घरातले ऐकतच नसतील तर सोबत फोमची बुचं येतात ती पोर्टात घाला, बास कमी होतो पण स्वच्छ होतो. एवढी साधी सोय आणि लोक ती डब्यातच ठेवून देतात.

आता जमीन. नव्या बिल्डिंगमध्ये स्लॅबवर व्हिट्रिफाइड लादी, ती बासच्या बाबतीत उत्तम, कारण ती हलत नाही. पण वरचे सूर ती जवळजवळ सगळेच्या सगळे परत फेकते, तानपुऱ्याच्या जव्हारीला, म्हणजे तारेच्या झणकाराला, काचेसारखी कड येते, गाणाऱ्याचा स आणि श टोचतात. नुसती टाळी वाजवून बघा, रिकाम्या हॉलमध्ये मागोमाग टर्र असा आवाज आला तर लादी, सीलिंग आणि उघड्या भिंती मिळून हे करतायत. उपाय महाग नाहीये. स्पीकर आणि तुमच्या मधल्या पट्ट्यात जाड गालिचा टाका, पातळ सतरंजी असेल तर दुहेरी, खाली जुनी गोधडी घातली तर अजून छान. गालिच्याने बास आवरत नाही एवढं लक्षात ठेवा, तो फक्त वरचं शांत करतो. बास आवरायला खिडकी उघडा, खरंच सांगतो, उघड्या खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही. पावसाळ्यात सगळं बंद असतं तेव्हा याच हॉलमध्ये बास थोडा जड लागतो.

मामाकडची गोष्ट वेगळी. सागवानी तुळयांवर फळ्या, चालताना जमीन जाणवते अशी. पहिल्यांदा ऐकलं की माणूस खुळावतो, आवाजाला ऊब येते, पेटी तर इतकी भरदार वाजते की उठवत नाही. पण द्रुत लयीत तबला लागला की कळतं, डग्ग्याचे बोल एकमेकांत मिसळतात कारण जमीनच वाजायला लागलेली असते, तळपायाला लागतं आणि फडताळातले पेले बोलतात. तिथे स्पाइकवाले (खाली टोकदार खिळे असलेले) स्टँड अजिबात नकोत, ते स्पीकरची थरथर थेट फळीत उतरवतात आणि तीच खालच्या मजल्यावरच्यांच्या छतातून निघते. आम्ही ओट्यासाठी घेतात तो कडप्पा, त्याचे दोन तुकडे कापून आणले, खाली जाड रबराचे पॅड आणि वर स्टँड. बोल सुटे ऐकू यायला लागले, आणि ऊब बरीचशी राहिली. मला विचाराल तर नुसत्या गाण्यासाठी आणि पेटीसाठी मामाची खोलीच पहिली, तालवाद्य ऐकायचं असेल तर आमचा हॉल. लादीवर मात्र स्पाइक चालतात, फक्त खाली नाणं ठेवा नाहीतर लादीला टवका जातो.

दुकानात डेमो घ्याल तेव्हा पण जमिनीकडे बघा. डेमो रूमला बहुतेक कार्पेट, जाड पडदे, भिंतीला पॅनल असतात, तिथे गोड वाजलं म्हणून घरी लादीवर तसंच वाजेल असं नाही. घरी आणून ऐकायला देत असतील तर तेच दुकान गाठा, दोन पैसे जास्त गेले तरी.

अॅम्प्लिफायर जरा दमदार लागतो, सेन्सिटिव्हिटी (ठराविक ताकदीला किती मोठं वाजतं ते) ८५ डीबीच आहे आणि कंपनी ४० ते १०० वॉट सांगते, १० बाय १७ च्या हॉलला ५०-६० वॉटचा चांगला अॅम्प मला पुरतो. स्टँडचे पैसे मात्र बजेटमध्ये आधीच धरा, एकेक स्पीकर पावणेआठ किलोच्या आसपास आहे, आणि पोकळ स्टँड घेतला तर त्यात चाळलेली कोरडी वाळू भरा, पावसाळ्याच्या आधीच, नंतर कोरडी मिळत नाही.