सोर्स कोड उपकरणासोबत द्यावा की लेखी हमी द्यावी?

लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम आणि बिझीबॉक्स हा लहान उपकरणांसाठीचा मूलभूत साधनांचा संच यांवर चालणारा राउटर किंवा कॅमेरा विकायला काढताना, जीपीएल या त्यांच्या मुक्त सॉफ्टवेअर परवान्याच्या आवृत्ती २ चं कलम ३ उत्पादकापुढे दोन मार्ग ठेवतं. पहिला, उपकरणासोबतच संपूर्ण सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमरनं लिहिलेला सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर, देणं. दुसरा, मागेल त्याला सोर्स देऊ अशी किमान ३ वर्षांची लेखी हमी खोक्यात घालणं. दुसऱ्याकडून आलेली हमी पुढे सरकवण्याची सोय फक्त बिगर-व्यावसायिक वाटपासाठी आहे. त्यामुळे चिप पुरवठादाराकडे बोट दाखवून सुटका होत नाही.

हमी स्वस्त दिसते. माहितीपुस्तिकेत एक परिच्छेद छापला की काम झालं, असं वाटतं. पण ती फक्त गिऱ्हाइकाला नसते, कोणालाही सोर्स मागता येतो आणि त्यासाठी प्रत पोचवण्याच्या खर्चापलीकडे पैसे घेता येत नाहीत. शिवाय ३ वर्षं शेवटचा नग विकल्यापासून धरावी लागतात. तोवर एसडीके (सॉफ्टवेअर बनवण्याच्या साधनांचा संच) बदललेला असतो, बिल्ड (सोर्समधून चालणारं सॉफ्टवेअर बनवण्याचं काम) सांभाळणारा अभियंता नोकरी सोडून गेलेला असतो, आणि मागणीचं पत्र येतं तेव्हा त्या फर्मवेअरचा, म्हणजे उपकरणात घातलेल्या सॉफ्टवेअरचा, नेमका सोर्स कोणापाशीच सापडत नाही.

सोर्स सोबत द्यायचा तर हे सगळं माल पाठवण्याआधीच निस्तरावं लागतं, आणि माझ्या मते हाच त्याचा सर्वांत मोठा फायदा. 'संपूर्ण' सोर्समध्ये संकलनाच्या (कंपाइल करण्याच्या) आणि इन्स्टॉलेशनच्या स्क्रिप्टही येतात. प्रकल्पाशी संबंध नसलेल्या सहकाऱ्याला तो गठ्ठा द्या आणि कोऱ्या मशीनवर फर्मवेअर बनवून मागा. त्याला जमलं नाही, तर तो गठ्ठा अपुरा आहे.

विक्रेत्यांचाही प्रश्न आहे. २००९ मध्ये बिझीबॉक्सच्या जीपीएल अटी मोडल्यावरून १४ कंपन्यांवर अमेरिकेत खटला झाला, त्यात बेस्ट बाय ही किरकोळ विक्रेती कंपनीही होती. सोर्स खोक्यातच असेल तर पुढच्या विक्रेत्यावर वेगळं ओझं राहत नाही.

अडचण जागेची. एकट्या लिनक्स कर्नलचा आजचा सोर्स दाबूनही १०० एमबीच्या वर जातो, तो उपकरणातल्या १६ एमबी फ्लॅश मेमरीत मावणार नाही. म्हणजे खोक्यात पेनड्राइव्ह किंवा मेमरी कार्ड आलं. अगदी स्वस्त, लाखोंनी खपणाऱ्या मालाला हा खर्च झेपत नसेल तर हमी घ्या, पण प्रत्येक फर्मवेअरचा सोर्स त्याच दिवशी गोठवून ठेवा. नुसती वेबसाइटची लिंक खोक्यातल्या मालाला आवृत्ती २ नुसार धड पुरत नाही. आवृत्ती ३ मात्र नेटवर्कवरून सोर्स द्यायला स्पष्ट मुभा देते. तिथे हमीची मुदत सुटे भाग किंवा ग्राहकसेवा चालू असेपर्यंत लांबते.

जीपीएलच टाळावी का? लिंक्सिसनं २००५ मध्ये डब्ल्यूआरटी५४जी राउटरच्या पाचव्या आवृत्तीत लिनक्स सोडून व्हीएक्सवर्क्स ही बंद सोर्सची ऑपरेटिंग सिस्टिम घेतली आणि मेमरी कमी केली. त्याच वर्षी लिनक्सवालं डब्ल्यूआरटी५४जीएल वेगळं बाजारात आणलं, कारण २००३ मध्ये खुल्या झालेल्या सोर्सवर ओपनडब्ल्यूआरटीसारखे राउटरसाठी खुलं फर्मवेअर बनवणारे प्रकल्प उभे राहिले होते आणि त्या गिऱ्हाइकांना लिनक्सच हवं होतं. लहान सेन्सरसाठी एमआयटी परवान्याची फ्रीआरटीओएस किंवा अपाचे परवान्याची झेफर यांसारखी छोटी ऑपरेटिंग सिस्टिम पुरते, तिथे मुख्यतः परवान्याचा मजकूर आणि श्रेय सोबत द्यावं लागतं. राउटरसाठी मी लिनक्सच घेईन आणि सोर्स खोक्यात घालीन. आवृत्ती २ च्या कलम ४ नुसार अट मोडताच वाटपाचा हक्क आपोआप संपतो, आणि २००४ मध्ये म्युनिकच्या न्यायालयानं याच कारणानं साइटकॉम कंपनीच्या राउटरविरुद्ध मनाई हुकूम दिला होता.