मीठ हळूहळू सोडणारी गोळी: पाच महिन्यांचा अनुभव आणि गोळीवरची ती रेष

घामावाटे गेलेलं मीठ भरून काढायला ही गोळी घेतात हे इथं बहुतेकांना माहीत आहे, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. एप्रिलमध्ये पन्हाळ्याला सायकलवर जाताना वाघबीळच्या चढावर मला दोनदा उलटी झाली. केर्लीत थांबून, रिकाम्या पोटी, दोन घोट पाण्यावर मी सहा अर्धुकं घेतली होती, म्हणजे तीन गोळ्या. कठड्यावर बसल्या बसल्याच ठरवलं, या कंपनीबद्दल लिहायचं. नंतर बरंच समजलं, त्यामुळे निम्मा राग उतरलाय. उरलेला निम्मा मात्र पक्का आहे.

मी शिरोलीत फौंड्रीत आहे, ओतकामावर. मार्च लागला की पाळी सुटताना शर्टाच्या पाठीवर मिठाचे पांढरे पट्टे उमटलेले असतात. ताक-मीठ, लिंबू-मीठ सगळं करून झालं होतं. पण भट्टीजवळ बाटली उघडून सारखं पीत बसता येत नाही. एक गोळी घेतली की काही तास मीठ थोडं थोडं सुटत राहतं, ही कल्पनाच मला आवडली. आमचा क्रेनवाला मामा म्हणाला, "कशाला पैसं घालवतोस? ताकात मीठ टाकून पी की." पंधरा रुपयांची एक गोळी म्हटल्यावर मलाही ते पटत होतं. म्हणून मी ती मोडून खायला लागलो. मधोमध रेष आहे, नखाने दाबलं की कट्कन दोन तुकडे होतात. अर्धी आता, अर्धी नंतर. डबीत मोडूनच ठेवायचो.

पहिल्या महिन्यात, मी अजून अख्ख्या गोळ्या घेत होतो तेव्हा, एक वेगळीच भीती बसली होती. सकाळी शौचाला गोळी जशीच्या तशी दिसली. म्हटलं, विरघळलीच नाही, पैसे वाया. कंपनीला फोन केला तर पलीकडच्या बाईंनाही सांगता येईना. माझ्या बहिणीचं औषधाचं दुकान आहे. तिने समजावलं की काही गोळ्यांचं आवरण पाण्यात विरघळत नाही. पाणी आवरणातून आत शिरतं, मीठ विरघळून हळूहळू बाहेर झिरपतं आणि शेवटी रिकामं टरफल उरतं. ते बाहेर पडणारच. इथं माझी तक्रार चुकीची होती, ती मागे घेतो.

पण मग मोडल्यावर काय होत असेल? वाघबीळच्या प्रकारानंतर स्वयंपाकघराच्या ओट्यावर काचेचे दोन पेले मांडले. एकात अख्खी गोळी, दुसऱ्यात अर्धुक. पंधरा मिनिटांत अर्धुकाच्या तुटलेल्या तोंडातून पांढरी भुकटी खाली सांडली. पाणी चाखलं तर खारट. अख्खीच्या पेल्यातलं पाणी जवळपास गोडंच होतं. चार तासांनी ती बाहेर काढून बोटाने दाबली, तर टरफल चुरगळलं आणि आतून खारं पाणी आलं. म्हणजे मी महिनोन्‌महिने महागडं साधं मीठ खात होतो, आणि चढावर उपाशी पोटात ते एकदम सांडलं.

आता सांगा, जी गोळी मोडल्यावर निकामी होते, तिच्यावर मोडायची रेष कशाला? डब्यावर, पत्रकावर, कुठंच "मोडू नये" असं लिहिलेलं नाही. मोडता येणाऱ्या हळू सुटणाऱ्या गोळ्याही असतात, त्यांची घडणच तशी असते. म्हणूनच रेष दिसली की माणूस मोडणार. तीनदा फोन केला. तिसऱ्या वेळी उत्तर मिळालं की रेष डिझाइनचा भाग आहे, आणि वर पुढच्या खरेदीवर सवलत देऊ केली. मला सवलत नको. साच्यातून ती रेष काढा, नाहीतर डब्यावर एक ओळ छापा.

अख्खी घेऊन मे-जून काढले, त्याबद्दल प्रामाणिकपणे चांगलंच सांगेन. पोटात मळमळ नाही, पाळीच्या शेवटी पोटऱ्यांत गोळे येणं बरंच कमी झालं. पण हिशेब समजून घ्या. या गोळीत 600 मिलिग्रॅम मीठ आहे, म्हणजे साधारण 10 मिलिमोल सोडियम (मिलिमोल हे कणांच्या संख्येचं माप). जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे केलेल्या एक लिटर ओआरएसमध्ये 75 मिलिमोल असतं. तेवढ्यासाठी साडेसात गोळ्या, एकशेबारा रुपये! शिवाय ओआरएसमध्ये साखर असते, ती आतड्यात सोडियमला आणि त्याच्यामागून पाण्याला सोबत आत ओढते. गोळीत ना साखर, ना पाणी. पाणी आपलं आपणच प्यायचं. जुलाब लागले तर ही गोळी नको, ओआरएसच. ज्यांना बीपी आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. खात्यातल्या एकाला मी स्वतः अडवलंय.

त्यामुळे आता रविवारच्या सायकलला बाटलीत ओआरएस. गोळी फक्त ओतकामाच्या दिवशी, जेवल्यावर, तांब्याभर पाण्याबरोबर. डबा खात्यात कपाटावर असतो, कुणीही घेतं. म्हणून प्रत्येक पाकिटावर मी मार्करने मोठ्या अक्षरात "मोडू नका" लिहून ठेवलंय.