टेकन ७ की टेकन ८? आधी स्टेज बघा

टेकन ही दोघांच्या मारामारीच्या व्हिडिओ गेमची मालिका. तिच्यातला ७ घ्यावा की ८ असं विचारलं की बहुतेक जण लढणाऱ्या पात्रांची यादी पुढे करतात. मी आधी विचारतो, भिंतीला पाठ टेकली की तुम्ही गडबडता का? टेकनमध्ये स्टेज, म्हणजे लढतीचं मैदान, हे नुसतं मागचं चित्र नाही. अर्धी लढत तिथे ठरते.

गेम पार्लरमध्ये तासाचे पैसे मोजून टेकन ३ खेळलेल्यांना भिंत ठाऊकच नव्हती. कितीही मागे सरका, मैदान संपायचं नाही. टेकन ४ ने २००१ मध्ये भिंती आणल्या आणि जमीनही उंचसखल केली. धाडस मोठं होतं, पण पाठ केलेला कॉम्बो (एकामागून एक जोडलेल्या फटक्यांची मालिका) चढउतारावर तुटायचा आणि कोपऱ्यात सापडलेल्याचे हाल व्हायचे. टेकन ५ ने जमीन पुन्हा सपाट केली. काही स्टेजना भिंती ठेवल्या, काही मोकळे सोडले. मालिकेची घडी मला तिथेच बसलेली वाटते. भिंत फुटणं, फरशी कोसळणं हे टेकन ६ पासूनचं.

टेकन ७ मध्ये दोन्ही टोकं आहेत. इन्फिनिट अझ्युर या स्टेजवर पायाखाली उथळ पाणी, वर आभाळ, आणि भिंत कुठेच नाही. तिथे बॅकडॅश (झटकन मागे सरकणं) आणि साइडस्टेप (बाजूला सरकणं) ज्याचे पक्के, तो वरचढ. फॉरगॉटन रील्म या स्टेजमध्ये मात्र कॉम्बोच्या मध्येच फरशी फुटते, दोघंही खालच्या मजल्यावर पडतात आणि मार चालूच राहतो. पात्र तेच, कॉम्बोची सुरुवात तीच, तरी नुकसान कितीतरी जास्त. पायांची हालचाल शिकायची असेल तर मी ७ च सुचवेन.

टेकन ८ (जानेवारी २०२४) चढाई करणाऱ्याला झुकतं माप देतो. हीट या थोडा वेळ टिकणाऱ्या जोशाच्या अवस्थेमुळे समोरचा सतत मागे रेटला जातो, म्हणून भिंत आणखी जवळ आल्यासारखी वाटते. सुरुवातीलाच १६ स्टेज मिळतात, आणि देखणेही आहेत: पॅरिसमध्ये सीन नदीवरचा जल्लोष, पेरूतल्या असुसेना या पात्राच्या घरचं शेत. मात्र नंतर आलेल्या काही स्टेजना वेगळे पैसे मोजावे लागतात. पूर्ण किमतीच्या गेममध्ये हे मला अजिबात पटत नाही.

बाकी मालात ८ सरळ पुढे आहे. टेकन ३ मधला टेकन बॉल हा चेंडूचा खेळ परत आलाय, नवख्यांना शिकवणारा आर्केड क्वेस्ट आहे, आणि तुमच्या खेळाची नक्कल करणाऱ्या भुताशी, म्हणजे संगणकी प्रतिस्पर्ध्याशी, सरावही करता येतो. ७ मध्ये एकट्याने खेळायला त्या मानाने थोडंच. टेकन बोल हा बोलिंगचा खेळसुद्धा वेगळा विकत घ्यावा लागतो.

पीसीवर घेणार असाल तर ७ ला ६० जीबी जागा लागते, ८ ला १००. जुनं ग्राफिक्स कार्ड असेल तर ७ घ्या आणि पहिला आठवडा इन्फिनिट अझ्युरवरच काढा. मशीन नवं असेल तर ८ घ्या, पण ऑनलाइन उतरण्याआधी सरावात पाठ भिंतीला लावून तिथून निसटायला शिका.