एका नावाच्या मागे तीन तास: पॅरिसमधली 'ज्याँ-बातिस्त' पायी सफर

आई दीड महिन्यासाठी पॅरिसला आली होती. आयफेल टॉवर, नोत्र-दाम, सेन नदीतली बोट हे सगळं पहिल्या आठवड्यातच उरकलं. तिने तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलाय. नुसत्या इमारती बघून तिचं मन भरत नाही. इथे कोण राहायचं, काय करायचं, मेल्यावर त्याचं काय झालं, हे सगळं तिला लागतं. माझ्या घरमालकीणबाईंनी ही सफर सुचवली. एक निवृत्त शिक्षिका शनिवारी सकाळी सात-आठ जणांना पायी फिरवतात आणि विषय एकच: ज्यांचं नाव ज्याँ-बातिस्त होतं अशी माणसं. आपलं नाव कुठे देऊ नका असं त्यांनी सांगितलंय, म्हणून इथे त्यांना नुसतं 'बाई' म्हणते. माणशी 28 युरो, रोख. शेवटच्या टप्प्यासाठी मेट्रोचं तिकीट आपलं आपण काढायचं.

दहा वाजता ले आल भागातल्या सेंत-उस्ताश चर्चबाहेर जमलो. तिथे एक प्रचंड दगडी डोकं आडवं ठेवलंय, त्याला टेकलेला तेवढाच मोठा हात. त्यामुळे जागा चुकायची भीती नाही. बाई फ्रेंचमध्ये बोलतात, पण सावकाश आणि स्वच्छ. मी आईला हळू आवाजात मराठीत सांगत होते, त्याला त्यांची हरकत नव्हती. उलट माझं वाक्य पुरं होईपर्यंत थांबायच्या.

सुरुवात नावापासूनच झाली. 'बाप्तिस्त' लिहितात पण मधला 'प' उच्चारत नाहीत, हे आधी सगळ्यांकडून दोनदा म्हणवून घेतलं. मग त्यांनी सांगितलं की ज्याँ-पॉल, ज्याँ-पिएर या जोडनावांत दोन वेगळे संत असतात, पण ज्याँ-बातिस्त हा एकच संत: बाप्तिस्मा देणारा योहान. त्याचा दिवस 24 जूनचा. येशूचा शिष्य योहान वेगळा. तेव्हा हे नाव जोडलेलं दिसलं तरी आतून एकच आहे. 1803 च्या कायद्याने फ्रान्समध्ये मुलांची नावं संतांच्या पंचांगातून किंवा प्राचीन इतिहासातूनच ठेवायची सक्ती केली आणि आईबापांना खरी मोकळीक मिळाली ती 1993 मध्ये. इतक्या शतकांत एवढे ज्याँ-बातिस्त का सापडतात, याचं थोडं उत्तर त्यात आहे.

चर्चमध्ये शिरल्यावर मला ही सफर आवडायला लागली. 15 जानेवारी 1622 ला इथे एका गादी-पडदेवाल्याच्या मुलाचा बाप्तिस्मा झाला. नोंदीत त्याचं नाव नुसतं ज्याँ पोक्लँ. दोन वर्षांनी धाकटा भाऊ झाला, त्याचंही नाव ज्याँच ठेवलं. आता घरात दोन ज्याँ झाले, म्हणून थोरला झाला ज्याँ-बातिस्त. पुढे तो नाटकवाला मोलिएर म्हणून जगाला माहीत झाला. म्हणजे एवढं भारदस्त वाटणारं नाव घरातला घोळ टाळण्यासाठी वाढवलेलं! आई लगेच म्हणाली, "अगं, म्हणजे हाक मारली की दोघंही धावत यायला नकोत, एवढंच." मी ते बाईंना फ्रेंचमध्ये सांगितलं आणि त्यांनी मान हलवली: हो, अगदी तेवढंच.

मग मागच्या बाजूच्या एका चॅपेलमध्ये कोल्बेरची समाधी. चौदाव्या लुईचा अर्थमंत्री ज्याँ-बातिस्त कोल्बेर, 1619 ते 1683. काळ्या दगडाच्या पेटीवर पांढऱ्या संगमरवरातला कोल्बेर गुडघे टेकून हात जोडून बसलाय. ही मूर्ती शिल्पकार क्वासव्हॉक्सची. पण खाली बसलेल्या दोन स्त्रियांपैकी एक घडवली ज्याँ-बातिस्त त्युबीने. मूळचा रोमचा, जन्माने जोव्हान्नी बात्तिस्ता तुबी. व्हर्सायच्या तळ्यातून रथासह वर येणारा अपोलो त्याचाच. एका ज्याँ-बातिस्तच्या थडग्यावर दुसऱ्या ज्याँ-बातिस्तचा हात! बाईंनी छोटा टॉर्च काढून त्या स्त्रीच्या लुगड्याच्या, म्हणजे अंगावरच्या वस्त्राच्या, चुण्यांवर धरला. उजेड तिरका पडला की चुण्या खोल दिसतात आणि दगड जड वाटेनासा होतो. दोन मिनिटं कोणी बोललं नाही.

कोल्बेरबद्दल बाईंनी काही झाकलं नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. त्याने कारखाने उभे केले, आरमार वाढवलं, 1664 मध्ये फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनी काढली. पण करांमुळे लोक त्याच्यावर इतके चिडलेले होते की अंत्ययात्रा रात्री काढावी लागली. आणि फ्रेंच वसाहतींतल्या गुलामांसाठीचा तो क्रूर 'काळा कायदा' त्याच्याच देखरेखीखाली आकाराला आला. कायदा निघाला 1685 मध्ये, कोल्बेर गेल्यावर, त्याचा मुलगा मंत्री असताना. त्या मुलाचंही नाव ज्याँ-बातिस्त. 2020 मध्ये फ्रेंच संसदेसमोरच्या कोल्बेरच्या पुतळ्यावर लाल रंग ओतला गेला, तो याचसाठी. आमच्या गटातल्या एका तरुणाचं घराणं मार्तिनिक बेटावरचं होतं, म्हणजे अशाच एका जुन्या फ्रेंच वसाहतीतलं. तो समाधीपासून जरा लांब उभा होता. बाईंनी त्याच्याकडे बघून, आवाज न चढवता हे सगळं सांगितलं. अशा जागी शब्द गिळणारे गाइड मी बरेच पाहिलेत.

इथेच आईने प्रश्न विचारला: "आणि तो टॅव्हर्निये? तो इथलाच ना?"

बाई क्षणभर गोंधळल्या. मग आठवलं: ज्याँ-बातिस्त ताव्हेर्निये, जन्म पॅरिसचा, 1605 चा. पण त्यांच्या सफरीत तो नाहीच. हे माझ्या मते या सफरीतलं सगळ्यात मोठं न्यून. मराठीत सतराव्या शतकाचा इतिहास वाचणाऱ्या कोणालाही या नावाचा पहिला माणूस आठवेल तो हाच. 1630 ते 1668 या काळात पूर्वेकडे सहा प्रवास केलेला जवाहिऱ्या. सुरत, गोवळकोंडा, आग्रा पायाखाली घातलेला. मग आईनेच वर्ग घेतला. नोव्हेंबर 1665 मध्ये औरंगजेबाच्या खजिन्यातली रत्नं त्याने हातात घेऊन पाहिली. दोन महिन्यांनी, जानेवारी 1666 मध्ये, तो ढाक्याला शाइस्तेखानाला जवाहीर विकत होता. लाल महालात बोटं गमावून बंगालच्या सुभ्यावर गेलेला तोच शाइस्तेखान. मी भाषांतर करत होते आणि बाई वहीत लिहून घेत होत्या. हिंदुस्तानातून नेलेला मोठा निळा हिरा त्याने चौदाव्या लुईला विकला. तो पुन्हा कापला, 1792 मध्ये चोरीला गेला आणि त्याचाच उरलेला तुकडा म्हणजे आज वॉशिंग्टनमध्ये असलेला 45.52 कॅरटचा होप हिरा. कोल्बेरची कंपनी आणि ताव्हेर्नियेचे हिरे एकाच राजाच्या दरबारात, एकाच दशकात. इथे उभं राहून ते सांगायला हवंच. पुढच्या वेळेपासून सांगीन, असं बाई म्हणाल्या आणि त्या ते मनापासून म्हणताहेत असं मला वाटलं.

तिथून प्लास दे व्हिक्त्वार ओलांडून नोत्र-दाम-दे-व्हिक्त्वार या चर्चकडे. वाटेत गोल चौकात गाड्यांच्या आवाजात बाईंचं बोलणं ऐकू येत नाही. कानात घालायचं यंत्र त्या देत नाहीत. मागे राहिलात तर चार वाक्यं गेलीच. आणि या चर्चमध्ये आमची खरी निराशा झाली. इथे संगीतकार ज्याँ-बातिस्त ल्युलीची समाधी आहे, पण आम्ही पोचलो तेव्हा प्रार्थना चालू होती. दाराजवळ उभं राहून भिंतीवरच्या हजारो नवसाच्या संगमरवरी पाट्या तेवढ्या पाहिल्या. चर्च देवाचं, प्रार्थना आधी, हे बरोबरच. पण दर शनिवारी येणाऱ्या माणसाने वेळ बघून क्रम लावायला हवा होता.

ल्युलीची भरपाई त्याच्या घरापाशी झाली. र्यु दे पती-शां आणि र्यु सेंत-आन यांच्या कोपऱ्यावर. आता त्या गल्लीत जपानी नूडल्सची दुकानं ओळीने आहेत, दुपारच्या रांगा लागायला सुरुवात झाली होती. पण मान वर केली की दगडात कोरलेली वाद्यं दिसतात. हे घर बांधायला ल्युलीने 11,000 लिव्हरांचं (लिव्हर म्हणजे तेव्हाचं फ्रेंच चलन) कर्ज घेतलं ते मोलिएरकडून. दोघं एकत्र काम करत. 1670 मध्ये शांबोरला राजासमोर झालेल्या प्रहसनात शब्द एकाचे आणि संगीत दुसऱ्याचं. ल्युली फ्लोरेन्सचा, जोव्हान्नी बात्तिस्ता लुल्ली. 1661 मध्ये फ्रान्सचा नागरिक झाला आणि नावही फ्रेंच झालं. मग 1672 मध्ये त्याने ऑपेराचा एकाधिकार मिळवला, इतर नाटकमंडळींनी किती वादक-गायक वापरायचे यावर बंधनं आणवली. मोलिएरला शेवटच्या नाटकासाठी दुसरा संगीतकार शोधावा लागला, मार्क-आंत्वान शार्पांतिए. फेब्रुवारी 1673 मध्ये मोलिएर गेला आणि त्याच्या मंडळींचं पॅले-र्वायालचं नाट्यगृह ल्युलीने आपल्याकडे घेतलं. ज्याच्या पैशावर घर उभं राहिलं त्याच्याशी असं वागावं! मला फार वाईट वाटलं आणि मी ते बाईंना बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, नाव सारखं म्हणजे स्वभाव सारखा नव्हे.

ल्युलीचा शेवटही त्यांनी इथेच सांगितला. जानेवारी 1687 मध्ये राजा आजारातून उठला म्हणून प्रार्थनागीत सादर करताना तो काठी जमिनीवर आपटून ताल देत होता. काठी पायाच्या बोटावर बसली, जखम सडली, 22 मार्चला गेला.

तीन मिनिटांवर मोलिएरचं कारंजं, 1844 चं. वर ब्राँझचा मोलिएर विचारात बसलेला, खाली दोन संगमरवरी स्त्रिया: एक गंभीर, एक हलक्याफुलक्या नाटकाची, हातातल्या गुंडाळ्यांवर त्याच्या नाटकांची नावं. समोरच्या बाजूला, 40 र्यु द रिशलिए इथे तो गेला, रंगमंचावर आजारी माणसाचं काम करून घरी आल्यावर. नटाला चर्च दफन नाकारत असे. राजाकडे विनवणी झाल्यावर रात्री पुरलं. रात्रीची दुसरी अंत्ययात्रा. सकाळी कोल्बेरची ऐकली होती, म्हणून ही जास्त लागली.

ऑपेरागृहाच्या दर्शनी भागावरचं ज्याँ-बातिस्त कार्पोचं 'नृत्य' हे शिल्प घाईत पाहिलं. 1869 मध्ये त्या नाचणाऱ्या उघड्या स्त्रिया पाहून कोणीतरी रात्री शाईची बाटली फेकली होती. आता तिथे आहे ती पॉल बेलमोंदोने केलेली प्रत; मूळ शिल्प ओर्से संग्रहालयात. ज्यांना कार्पो हवाय त्यांनी सरळ ओर्सेला जावं. बाईंनी इथे बेर्नादोतची गोष्ट घुसवली. दक्षिण फ्रान्समधल्या पो या गावच्या वकिलाचा मुलगा, नेपोलियनचा सेनापती, 1818 पासून स्वीडनचा राजा. त्यालाही 'बातिस्त' चिकटलं ते थोरल्या भावाचं नाव ज्याँ होतं म्हणूनच. गोष्ट चांगली, जागा चुकली. ती मोलिएरच्या बाप्तिस्म्यापाशी हवी.

मग मेट्रो सात नंबर, जुस्यू स्टेशन, तिथून चालत ज्यार्दँ दे प्लांत ही वनस्पतींची बाग. आईचे गुडघे तोवर बोलायला लागले होते. तीन तासांत बसायला एकदाच मिळतं, चर्चमध्ये. वयस्कर माणसांना नेणार असाल तर हे लक्षात ठेवा.

बागेच्या नदीकडच्या दारापाशी निसर्गशास्त्रज्ञ ज्याँ-बातिस्त लामार्कचा बसलेला पुतळा आहे. जन्म 1744, अकरा भावंडांत शेवटचा. 'जीवशास्त्र' या अर्थाचा फ्रेंच शब्द 1802 मध्ये रुळवणाऱ्यांपैकी एक. कणा नसलेल्या प्राण्यांचं वर्गीकरण त्याने लावलं. जीव बदलत जातात हे 1809 मध्ये पुस्तक लिहून मांडलं. लोकांनी हसण्यावारी नेलं. म्हातारपणी डोळे गेले, तेव्हा मुली लिहून घेत. 1829 मध्ये गेला तेव्हा कायमच्या थडग्याला पैसे नव्हते. मोंपार्नासच्या दफनभूमीत काही वर्षांच्या कराराची जागा घेतली आणि मुदत संपल्यावर हाडंही हरवली. त्या काळचा बडा प्राणिशास्त्रज्ञ कुव्हिए, त्याने लिहिलेल्या श्रद्धांजलीतसुद्धा त्याची टवाळीच होती. हा पुतळा आला 1909 मध्ये, लोकांच्या वर्गणीतून.

एवढ्या माणसाला बाईंनी पंधरा मिनिटं दिली. अर्धा तास हवा होता. ऑपेरा गाळला तर सहज मिळेल. पण पुतळ्याच्या मागे नेलं, यासाठी त्यांचे आभार. समोरून फोटो काढून जाणाऱ्यांना तिथे काही आहे हे कळतच नाही. चौथऱ्याच्या मागच्या अंगाला ब्राँझची चौकट आहे: आंधळा म्हातारा बसलेला, शेजारी मुलगी. खाली तिचे शब्द कोरलेत. मी आईला भाषांतर सांगायला गेले, पण तिने मला थांबवलं, शब्द एकेक विचारून घेतले आणि स्वतः वाक्य जुळवलं: "पुढचे लोक तुम्हाला मानतील, तुमच्यावरच्या अन्यायाची भरपाई करतील, बाबा."

पाचपैकी चार. ताव्हेर्निये आला आणि प्रार्थनेची वेळ सांभाळली तर पाच. फ्रेंच अजिबात येत नसेल तर सोबत कोणीतरी न्या. पाण्याची बाटली आणि सपाट चपला-बूट हवेतच.

बुधवारी आई म्हणाली, लामार्ककडे परत जाऊ. आम्ही दोघीच गेलो आणि या वेळी सरळ पुतळ्याच्या मागे गेलो. पाऊस पडून गेला होता, चौकटीत पाणी साचलं होतं. आईने रुमालाने मुलीचा चेहरा पुसला.